फिरती ढाल

भोरच्या स्टँडवर वेल्ह्याची गाडी लागायला अजून वीस मिनिटं होती, म्हणून गायत्रीने मोबाईल उघडला. उघडला नसता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे दिवसभर वाटत राहिलं. कंपनीतून तिच्या वरच्या शेफालीने एक पत्र पुढे पाठवलं होतं. अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या कुणा म्हाताऱ्याचं. त्याने लिहिलं होतं, की एकोणीसशे एकोणऐंशी सालचं बास्केटबॉलचं विजेतेपद तुम्ही ओक्लाहोमाच्या रांगेत टाकलं आहे आणि आमच्या शहरापुढे नुसती एक आडवी रेघ मारली आहे. त्या वर्षी मी सोळा वर्षांचा होतो, वडिलांच्या बरोबर रस्त्यावर नाचलो होतो. माझे वडील पुन्हा कधी नाचले नाहीत. ते काय ओक्लाहोमात नाचले होते? पत्राखाली शेफालीची एक ओळ होती. नियमाने आपलं बरोबर आहे. उत्तर देऊ नको, बंद कर.

बंद करायचं म्हणजे पत्रासमोरच्या चौकोनात बोट टेकवायचं. तेवढंच. गेली नऊ वर्षं गायत्री हे काम करत होती. नवरा कामाला गेला की भोरच्या दोन खोल्यांत, खिडकीला पाठ करून, ती कंपनीच्या वेबसाइटवर दूरदेशीच्या संघांचे विजय रांगेत भरत बसायची. संघ कोणता, साल कोणतं, कितव्यांदा जिंकले, कुणाला हरवून जिंकले, खेळाडू कोण. सबंध सामना तिने आयुष्यात एकही पाहिला नव्हता. पण बोस्टन अठरा, लॉस एंजेलिस सतरा, हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. मान दुखायची, उजवं मनगट दुखायचं, डोळ्यांत संध्याकाळपर्यंत वाळू साठायची. बेचाळीस म्हणजे काही वय नव्हे, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला. तिला अलीकडे सगळ्याचाच कंटाळा येई, आणि हा कंटाळा झोपून जात नसे. तिने चौकोनापर्यंत बोट नेलं. मग गाडी आली, लोक धावले, तीही धावली, आणि पत्र उघडंच राहिलं.

खिडकीची जागा मिळाली. नियम तिला माहीत होता, तो भरण्यातच तर नऊ वर्षं गेली होती. संघ एका शहरातून उठून दुसऱ्या शहरात गेला, की त्याची जुनी विजेतेपदंही त्याच्याबरोबर जातात, सून माहेरचे डबे घेऊन येते तशी. सिएटलचा संघ ओक्लाहोमाला गेला तेव्हा तडजोडीत नाव, रंग आणि तो कप मागे राहिला. पण हिशोबाच्या रांगेत एकोणऐंशी साल निघून गेलं. त्याच्याही आधी मिनियापोलिसचा संघ गेला होता. त्या भागात तळीच तळी, म्हणून संघाचं नावही तळ्यांवरून. पाच वेळा जिंकलेला तो संघ लॉस एंजेलिसला गेला, पाच विजय घेऊन गेला, आणि तळ्यांचं नावही घेऊन गेला, जिथे सांगण्यासारखं एक तळं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गायत्री एकटीच हसली होती. मग तिला उंबरदांड आठवलं होतं, आणि हसू तिथेच विरलं होतं. उंबरदांड तिचं गाव. तिथे उलटं झालं होतं. गावाला तळं नव्हतं. तळं आलं आणि गाव गेलं. धरणाच्या पाण्याआधी निम्मी घरं दौंडकडच्या वसाहतीत गेली, काही पुण्याला, काही कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही. वडील, सर्जेराव, सगळ्यांचे आबा, तेवढे हट्टाने वेल्ह्यात राहिले, बाजाराच्या मागच्या गल्लीत, तोरणा दिसेल अशी खोली घेऊन. गावदेवी वसाहतीत नेली होती. शाळेची घंटा कुणीतरी भंगारात घातली होती. गावाची म्हणून जी एकच वस्तू वेल्ह्यात उरली होती, ती आबांच्या भिंतीवर होती. कबड्डीची ढाल.

तिच्यासाठीच आज हा प्रवास होता. गेल्या आठवड्यात प्रशिकचा फोन आला होता. प्रशिक वेल्ह्याजवळच्या एका शाळेत मास्तर होता. वीसेक वर्षं बंद पडलेल्या तालुक्याच्या कबड्डी स्पर्धा काही तरुणांनी पुन्हा सुरू करायच्या ठरवल्या होत्या, आणि हा त्यांचा चिटणीस. मैदानाच्या दारात जुन्या विजेत्यांचा फलक लावायचा होता. "तुम्ही तेच काम करता ना ताई," तो म्हणाला होता, "जगातल्या चॅम्पियन लोकांचं. मग आपल्या तालुक्याचंही करा की." बाकीची सालं त्याने गावोगाव फिरून गोळा केली होती. उंबरदांडची तीन तेवढी राहिली होती. नव्याण्णव, दोन हजार, दोन हजार एक. "तिसऱ्या वर्षाची नावं आबांना विचारून नीट घ्या," असं म्हणून तो थांबला होता, आणि मग पुन्हा म्हणाला होता, "नीट घ्या तेवढी." मास्तर माणूस, सांगितलेलं पुन्हा सांगायची खोड असते, असं तिला वाटलं होतं.

कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं. मार्गासनीला गाडी बराच वेळ थांबली आणि गुंजवण्याकडे जाणाऱ्या बायका पाट्या सावरत उतरल्या. तालुक्याचं नावसुद्धा आता बदललं होतं, राजगड झालं होतं, पण कंडक्टर वेल्हे वेल्हे असंच ओरडत होता आणि कुणाचं काही अडत नव्हतं. गायत्रीला वाटलं, आपल्याला एवढी सालं पाठ आहेत, पण उंबरदांडच्या घरात कोनाडे किती होते, ते काही केल्या आठवत नाही. आई कोणत्या कोनाड्यात फणी ठेवायची? आई तर पाणी यायच्या आधीच गेली. तिच्या डोळ्यांसमोर फक्त दसऱ्याचा दिवस येत होता, तोही वेल्ह्यातला. दर दसऱ्याला दौंडहून, पुण्याहून उंबरदांडची माणसं आबांच्या खोलीवर यायची. ढाल भिंतीवरून खाली काढायची, तिला हळदकुंकू लावायचं, आपट्याची पानं वाहायची. देवी वसाहतीत गेली, मग माणसांनी ढालीलाच गाव मानलं. पहिल्या वर्षी गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. गेल्या दसऱ्याला बारा जण आले. म्हातारा गेनू दौंडहून तीन गाड्या बदलून आला होता आणि ढाल मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला होता. सलग तीन वर्षं जिंकेल त्या गावाला ढाल कायमची, असा नियम होता, आणि तालुक्यात तसं करून दाखवणारं एकच गाव होतं, ते पाण्याखाली होतं.

आबा बाजेवर बसून होते. गुडघे गेलेले, पण आवाज तोच. "आज कोण जिंकलं?" ते म्हणाले. हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

"एकोणऐंशी सालचेच, आबा."

"मेलेल्या म्हशीला मणभर दूध," आबा म्हणाले आणि स्वतःच खोकत हसले. "पगार देत्यात ह्याचा, नवालच हाय."

तिने चहा केला. मग कागद काढला, चष्मा लावला आणि कामाला बसावं तशी भिंतीसमोर बसली. ढालीच्या खाली तिसऱ्या वर्षाचा फोटो होता, काचेला तडा गेलेला. खाली छापलेली नावं. तो फोटो तिने हजारदा पाहिला असेल. ती मॅच तिने पाहिली नव्हती. तेव्हा ती भोरला कॉलेजात होती, परीक्षा होती. नावं उतरवून घेतली, आठ झाली. सात खेळाडू आणि व्यवस्थापक सर्जेराव. मग सवयीने तिने माणसं मोजली. रांगेतला आकडा आणि बेरीज जुळते का ते बघितल्याशिवाय तिचा हात पुढे सरकत नसे. माणसं सात भरली. पुन्हा मोजली. बनियनवाले सहा, आणि सातवे आबा स्वतः, पांढऱ्या सदऱ्यात, ढाल धरून. लोकांनी वर्षानुवर्षं हा फोटो पाहिला होता, सात डोकी मोजली होती आणि कबड्डीचा संघ सातचाच असतो म्हणून समाधानाने मान हलवली होती. तिनेही तेच केलं होतं. आता तिला फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर दिसलं. कोपरावर सदऱ्यांचा ढीग. ते कोपर तिला लहानपणापासून माहीत होतं. कुणी बघ्या असेल, असं तिने धरून ठेवलं होतं.

"आबा, ह्यात बंडूकाका कुठं हाय?"

"आसंल की. बघ नीट."

"न्हाई. खाली नाव हाय, वर माणूस न्हाई."

आबांनी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला. "लघवीला गेला आसंल. तेवीस-चोवीस वर्षं झाली त्याला, काय काढतीस आता."

तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. भोरला मागे ठेवलेलं पत्र जणू तिच्या आधीच्या गाडीने येऊन इथे बसलं होतं. सोडून द्यावं, आठ नावं उतरवली आहेत, ती प्रशिकला पाठवावीत, साडेतीनची गाडी धरावी. बेरीज चुकली तर चुकली. कोण मोजायला येतंय? पण मग प्रशिकचं ते 'नीट' तिच्या कानात पुन्हा वाजलं, दोनदा वाजलं. "हे कोपर कुणाचं आबा?" तिने विचारलं.

आबांनी तोंड दाराकडे फिरवलं. बाजारात कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची शिट्टी वाजत होती. ती थांबली तेव्हा ते बोलले. "सोनबाचं."

"कोण सोनबा?"

"नदीपलीकडच्या वाडीचा. बौद्धवाड्यातला. बंडू म्हैनाभर आदी दौंडला गेला, घर मिळालं म्हून. फारमावर त्याचं नाव आदीच घातल्यालं. गावात खेळणारं सहाच उरलं हुतं, गायत्रे. सहाच. म्या सोनबाला म्हणलं, चल. गुरांमागं पळून पळून पाय आसं झालं हुतं त्याचं, हरणावानी. बंडूच्या नावानं उतरवला त्याला. भायेरचा गडी घेतला तर संघ बाद, आसा नेम हुता. पंचाला कुठं म्हाईत बंडू कोन आन सोनबा कोन."

"आन जिंकलो."

"त्यानं जिंकलं. आमी दोन गुणानं मागं. शेवटची चढाई. ह्यो गेला आत, तिघांनी मिळून धरला त्याला, आन ह्यो वढत वढत रेषेला आला. तीन गडी बाद एका दमात. आसली चढाई म्या पुन्ना बगितली न्हाई." आबांचा चेहरा क्षणभर तरणा झाला, आणि मग उतरला. "मग फोटूवाला आला. म्या म्हणलं, सोनबा, तू जरा बाजूला व्हय. फोटूत दिसलास तर उद्या कुनी वळखंल, ढाल जाईल."

"तो काय म्हणाला?"

"बरं म्हणला. हसला. पोरांचं सदरं धरून हुबा ऱ्हायला. फोटू झाल्यावर एकेकाचा सदरा त्याच्या त्याच्या हातात दिला, घडी करून. मग वरात निघाली. गेनूच्या घरी जेवान हुतं, बोकाड कापलं हुतं. त्यो वाडीकडं गेला. कुनी म्हणलं न्हाई त्याला, चल जेवाया. म्याबी न्हाई."

"नियमाच्या भीतीनं?"

आबा तिच्याकडे बघत नव्हते. "फोटूपुरता नेम," ते म्हणाले. "जेवनाला कसला आलाय नेम."

गायत्रीला राग आला. कितीतरी महिन्यांत तिला असा धडधडीत राग आला नव्हता, कंटाळ्याखाली तो दडपूनच गेला होता. तिला त्या दूरच्या संघांची आठवण झाली. तिथे कोण कुठल्या शहराचा असतो? एकही गडी गावचा नसतो. आज ह्या शहराकडून, उद्या त्या. संघ जिंकला की मोसमभर बाकावर बसून राहिलेल्यालासुद्धा सोन्याची अंगठी मिळते आणि त्याचं नाव रांगेत चढतं. तशी नावं तिने शेकड्याने भरली होती. मैदानावर चार मिनिटं उतरलेल्यांची, एक गुणही न केलेल्यांची. आणि इथे, तिच्या स्वतःच्या घराच्या भिंतीवर, ज्याने जिंकून दिलं त्याचं एक कोपर. तिला त्या ढालीला कुंकू लावतानाची स्वतःची बोटं आठवली.

"त्यो मास्तर हाय ना, परशिक," आबा म्हणाले, "त्यो त्याचाच ल्योक."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. किंवा ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचं होतं. सरळ विचारणं त्याला जड गेलं असणार. म्हणून गावोगाव फिरणाऱ्या माणसाने वेल्ह्यातल्या वेल्ह्यात ही एक खोली टाळली होती आणि भोरला फोन लावला होता.

"लिहायचं का आबा?"

"लिवलंस तर तिसरं साल जाईल. साल गेलं की ढाल गेली. गेनूला काय सांगू? दसऱ्याला कुटं येतील मान्सं?" त्यांनी बाजेची कड घट्ट धरली होती. "म्या हाय तवर ऱ्हाऊ दे, पोरी. लई दिस न्हाईत माझं. मग लिही."

त्यांचा आवाज फाटला. हे एवढं एक मागणं होतं त्यांचं. घर मागितलं नाही, दौंडला जमीन मिळाली तिचं तोंडही नीट पाहिलं नाही. पाण्यावर तरंगत राहिलेली एक गोष्ट तेवढी त्यांना मरेपर्यंत हातात हवी होती. 'मग लिही' म्हणणं किती सोपं होतं. तिला बरं म्हणावंसं वाटलं, तोंडाशी आलंही. पण पुढच्या दसऱ्याला कुंकवाची कोयरी आपणच हातात घेणार, आणि बोट त्या कोपरासमोरच टेकणार, हे तिला स्पष्ट दिसलं.

"सोनबाकाका आहेत का अजून?" तिने विचारलं.

"दोन वर्सं झाली गेला त्याला."

"त्यांना कुणी विचारलं आबा, की तवर थांबता का?"

आबांनी बाजेची कड सोडली. हे बोलायला नको होतं असं तिला वाटलं, आणि बोलले ते बरं झालं असंही वाटलं. चहावर साय धरली. तोरण्याच्या अंगावर ऊन होतं आणि ते हळूहळू वर सरकत होतं. तिने बसल्या बसल्या मोबाईल हातात घेतला. सिएटलच्या म्हाताऱ्याचं पत्र तसंच उघडं होतं. माझे वडील काय ओक्लाहोमात नाचले होते? तिला वाटलं, ह्या माणसाला कप नको आहे, रांगही नको आहे. बाप नाचला होता, एवढ्याला कुणीतरी हो म्हणावं, इतकंच त्याचं म्हणणं आहे.

"काढ ती खाली," आबा म्हणाले.

तिने स्टुलावर चढून ढाल काढली. भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चुना उरला. आबांनी ती मांडीवर घेतली, उपरण्याने पुसली. कुंकवाचे थर काही निघाले नाहीत. मग ते म्हणाले, "मास्तरला लाव फोन. म्या बोलतो."

तिने फोन लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्या पुढ्यात धरला. मागे शाळेचा गलका ऐकू येत होता. प्रशिक "बोला ताई" म्हणाला, आणि आबा एकदम म्हणाले, "मास्तर, म्या सर्जेराव. दोन हजार एकच्या फायनलला बंडू नव्हता. तुमचं वडील हुतं. बंडूच्या नावानं म्या उतरवलं हुतं त्यास्नी. त्यांनी जिंकून दिली मॅच, आन म्या त्यास्नी फोटूतनं भायेर काढलं." एवढं एका दमात बोलून त्यांना धाप लागली.

पलीकडचा गलका कमी झाला. प्रशिक वर्गाबाहेर आला असावा.

"ते सांगायचे," प्रशिक म्हणाला. त्याचा मास्तरी आवाज कुठे तरी गेला होता. "ढाल म्या आणली, म्हणायचे. जरा घेतली की सांगायचे, न घेताबी सांगायचे. आमी हसायचो, आबा. आई हसायची, आमी पोरं हसायचो. शेवटी शेवटी दवाखान्यात सांगाया लागले, तवा म्या म्हणलं, बास की आता दादा, लोक ऐकत्यात."

आबांनी डोळे मिटले. गायत्रीने फोन त्यांच्या आणखी जवळ धरला.

"ढाल घिऊन जावा, मास्तर," आबा म्हणाले. "फिरती ढाल हुती, फिरू द्या. नेमानं त्या साली आमी बाद. फलकावर उंबरदांड दोनदाच लिवा. तिसऱ्यापुढं गावाचं नाव नको, नुसतं सोनबा लिवा. आन दसऱ्याला म्या सांगंन गेनूला. जेवाया बी या तवा. सगळी या."

गायत्रीने कागदावर लिहायला घेतलं. साल दोन हजार एक. सोनबा. शेवटची चढाई, बाद गडी तीन. नऊ वर्षांच्या सवयीने रकाने आपोआप पडत गेले.

"एक विचारू का?" प्रशिक म्हणाला. "त्या शेवटच्या चढाईत... किती घेतले त्यांनी?"

आबांनी डोळे उघडले. "किती सांगायचे ते?"

"चार."

आबांनी गायत्रीच्या कागदाकडे पाहिलं, तिथल्या आकड्याकडे पाहिलं. "मग चारच," ते म्हणाले. "धुरळा लई हुता मास्तर, माझ्याच ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

गायत्रीने तीन खोडले आणि तिथे चार लिहिले.